टेक्स्ट रोलप्ले स्पर्धेत जिंकलं कोण? निकाल लावायच्या पद्धती, पारखून

डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर टेक्स्ट रोलप्ले फायटिंग स्पर्धेची, म्हणजे दोन लेखक आपापल्या पात्रांची लढत लिहून लढवतात अशा स्पर्धेची, घोषणा झाली की लोक आधी बक्षीस बघतात, मग कोणकोण उतरलंय ते बघतात. त्याआधी बघायला हवा तो परीक्षणाचा नियम. इथे पडद्यावर ताकदीची पट्टी उतरत नाही की घंटा वाजत नाही. जे घडतं ते शब्दांत घडतं. दोन लेखकांचे शब्द जुळेनासे झाले की कोणाचं खरं धरायचं हे जो ठरवतो, त्याच्या हातात सगळी स्पर्धा असते. म्हणून हा आढावा एखाद्या स्पर्धेचा नाही, निकाल लावायच्या पद्धतींचा आहे. परीक्षक मंडळ, जाहीर मतदान, फासे, गुप्त डावांचा तक्ता आणि कुस्ती-फेडरेशनवाली प्रोमो पद्धत (सामन्याआधीच्या आव्हानाच्या भाषणांवर निकाल), यांतली कोणती कुठे टिकते आणि कुठे कोसळते ते पाहू.

सर्वांत रुळलेला प्रकार म्हणजे टी-१, पाळीपाळीने लिहायचा. एकाची पोस्ट पडली की दुसऱ्याची पाळी. प्रत्येक पोस्टमध्ये आधी समोरच्याच्या हल्ल्याला उत्तर द्यायचं, म्हणजे चुकवला, अडवला की लागला ते सांगायचं. मग आपला हल्ला. हल्ला हा प्रयत्न म्हणूनच लिहायचा असतो. ‘रुद्रने मानेच्या रोखाने तिरका वार सोडला’ इथे थांबायचं. त्यापुढे ‘आणि मान उडाली’ असं लिहिलं की तो ऑटोहिट झाला, कारण लागलं की नाही हे सांगायचा हक्क समोरच्याचा. टी-२ मध्ये पाळी नसते. जो आधी टाइप करून पाठवेल त्याचा वार आधी. तिथे बोटांचा आणि नेटचा वेगच बराचसा निकाल लावतो, परीक्षणाला फारसा वाव राहत नाही. म्हणून पुढचं सगळं टी-१ धरून आहे.

टी-१ मध्ये एक अडचण जन्मजात आहे. वार लागला की नाही हे ज्याला तो लागायचा, तोच ठरवतो. प्रामाणिक लेखक जखमा घेतो, दुसरा शेवटपर्यंत निसटत राहतो. परीक्षण बरं की वाईट याची पहिली कसोटी इथेच लागते: ते जखम मान्य करणाऱ्यालाच शिक्षा करतं का? बऱ्याच ठिकाणी करतं. ‘ज्याच्या पात्राला कमी लागलं तो विजयी’ असा सरळ हिशोब लावला की दुसऱ्या फेरीपासून कोणीच काही लागून घेत नाही. प्रत्येक वार केसाच्या अंतराने चुकतो आणि लढतीची नुसती पळापळ होते. चांगला नियम उलटा असतो. जो हल्ला टाळायला सबळ कारण नव्हतं तो टाळला तर गुण जातात, आणि टाळता न येणारा हल्ला अंगावर घेऊन त्याचं पुढे भान ठेवलं तर गुण मिळतात.

परीक्षक मंडळ आणि बेरजेचा घोटाळा

तीन परीक्षक, प्रत्येकाकडे १०० गुण, ज्याची बेरीज जास्त तो पुढच्या फेरीत. दिसायला निर्दोष पद्धत. आता हे आकडे बघा. पहिला परीक्षक अ-ला ७० देतो, ब-ला ७२. दुसरा अ-ला ६८, ब-ला ७१. तिसरा हात सैल सोडणारा आहे. तो अ-ला ९० देतो आणि ब-ला ६०. बेरीज अ २२८, ब २०३. तिघांपैकी दोघांच्या मते ब जिंकला होता, तरी पुढे गेला अ, तोही २५ गुणांनी. यात लबाडी कोणाचीच नाही. एका परीक्षकाची मोजपट्टी इतरांपेक्षा लांब आहे, एवढंच. पहिले दोघे ६० ते ८० च्या पट्ट्यात फिरतात आणि तिसरा ३० ते १०० मध्ये, म्हणून तिसऱ्याचं मत इतरांच्या कित्येक पट वजनदार होतं.

उपाय साधा आहे. गुण प्रत्येक परीक्षकाने आपल्या हिशोबासाठी मांडावेत, पण मंडळाकडे एकच मत पाठवावं: अ किंवा ब. तीनपैकी दोन मतं मिळाली की निकाल. कुठल्याही स्पर्धेच्या नियमावलीत ‘एकूण गुणांची बेरीज’ असं वाचलं तर आयोजकाला हा प्रश्न विचारावाच. परीक्षकांची संख्या विषम असावी हे बहुतेकांना ठाऊक असतं. विसरतात ते पुढचं: तिघांपैकी एक गायब झाला तर काय? राखीव चौथा परीक्षक आधीच जाहीर केलेला नसेल, तर फेरीच्या मध्यात आयोजक स्वतः मत देतो आणि तिथून वादाला तोंड फुटतं.

दुसरी गोष्ट, परीक्षकांनी एकमेकांचं मत बघायच्या आधी आपलं मत बंद करून पाठवायला हवं. परीक्षकांच्या खासगी चॅनलवर पहिल्याने ‘मला वाटतं अ’ असं लिहिलं की उरलेले दोघे तिकडे झुकतात. प्रत्येकाने समन्वयकाला थेट निरोप पाठवावा, तिन्ही आल्यावर एकदम उघडावेत. याला काही खर्च येत नाही, तरी फार थोड्या स्पर्धांत हे होतं.

लेखन आणि लढत एकाच आकड्यात नकोत

बहुतेक गुणपत्रिकांचं खरं दुखणं हे आहे. एका रकान्यात ‘लेखनशैली’ ४० गुण, दुसऱ्यात ‘वर्णन’ २०, उरलेल्या ४० मध्ये लढत. अशा पत्रिकेवर सुंदर गद्य लिहिणारा, ज्याच्या पात्राने तुटलेल्या हाताने धनुष्य ओढलं, तो साध्या वाक्यांत नेमका डाव टाकणाऱ्याला हरवतो. मग हरलेल्याला कळत नाही की त्याचा डाव चुकला की त्याची उपमा कमी पडली. दोन वेगळ्या गोष्टी मोजून एकत्र केल्या की त्या आकड्यातून शिकण्यासारखं काही हाती राहत नाही.

मला पटणारी विभागणी अशी: हल्ल्याची कार्यकारण साखळी ३५, बचाव आणि मान्य केलेली इजा ३५, डावपेच २०, भाषा १०. भाषेचे ते १० गुणही सौंदर्याचे नाहीत, स्पष्टतेचे. कोण कुठे उभा आहे, दोघांत अंतर किती, कोणत्या हातात काय आहे, वार कुठून कुठे गेला, एवढं वाचकाला एका वाचनात कळलं की १० पैकी १०. उत्तम लेखनासाठी वेगळं पारितोषिक ठेवा, आणि ते बाद फेरीतून बाहेर पडलेल्यालाही मिळू द्या. ज्यांना लेखनावरच निकाल हवा आहे त्यांच्यासाठी प्रोमो पद्धत आहे, तिच्याबद्दल पुढे येईल.

साखळी म्हणजे काय ते एका उदाहरणाने सांगतो. ‘रुद्रने पाच मीटरवरून उडी घेतली आणि भाला छातीत खुपसायला झेप घेतली’ हे वाक्य अपुरं आहे. भाला कोणत्या हातात होता, उडी सरळ की वरून, हवेत असताना दिशा बदलता येते का, याचं उत्तर त्यात नाही. समोरचा ‘बाजूला सरकून चुकवला’ एवढंच लिहून सुटतो आणि परीक्षकाला त्याला दोष देता येत नाही, कारण मुळात हल्ल्यानेच दारं उघडी ठेवली. याउलट हल्लेखोराने आधीच्या पोस्टमध्ये समोरच्याला भिंतीच्या कोपऱ्यात रेटलं असेल, आणि या पोस्टमध्ये भाल्याचा दांडा आडवा धरून दोन्ही बाजू अडवल्या असतील, तर ‘बाजूला सरकून’ हा बचाव खोटा ठरतो. परीक्षकाने शोधायचं ते हेच: आधीच्या पोस्टने पुढच्या पोस्टमधले कोणते पर्याय बंद केले?

चांगला परीक्षक वाचतो कसा

पहिलं वाचन सलग, हातात पेन न घेता. दुसऱ्या वाचनाला वही किंवा शीट उघडायची आणि पोस्टगणिक एक ओळ भरायची: पोस्ट क्रमांक, दोघांमधलं अंतर, हल्ला कशाने आणि शरीराच्या कोणत्या भागावर, त्याची तयारी किती, उत्तर काय आलं, इजा काय मान्य झाली, आणि कोणती इजा पुढे चालू आहे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तिसऱ्या पोस्टमध्ये उजवं मनगट मोडलं असं लिहिणारा पाचव्या पोस्टमध्ये त्याच हाताने दोर पकडून लोंबकळतो, ही या खेळातली रोजची चूक. सलग वाचताना ती निसटते, कारण दोन पोस्टच्या मध्ये चार दिवस गेलेले असतात आणि मध्ये समोरच्याचा मोठा परिच्छेद असतो. वहीत मात्र ती लगेच दिसते. वही न ठेवता निकाल देणारा परीक्षक शेवटची पोस्ट ज्याची जोरदार, त्याला जिंकवतो.

तयारीचा हिशोबही याच वहीत. मोठ्या हल्ल्याला दोन किंवा तीन पोस्टची तयारी लागते, तिला खेळाडू ‘प्रेप’ म्हणतात. तयारी लिहून दाखवावी लागते, म्हणजे समोरच्याला ती मोडायची संधी मिळते. इथे दोन वाद हमखास होतात. एक, बचाव करत असतानाची पोस्ट तयारीत मोजायची का? दोन, तयारी चालू असताना इजा झाली तर ती शून्यावर येते की जिथली तिथे थांबते? दोन्हींचं कुठलंही उत्तर चालेल, पण ते नियमावलीत आधी छापलेलं हवं. नसेल तर प्रत्येक परीक्षक आपापल्या सवयीने मोजतो, आणि एकाच लढतीत एकाच्या हिशोबाने महाअस्त्र वैध असतं, दुसऱ्याच्या हिशोबाने बेकायदा.

कॅरेक्टर शीटची, म्हणजे पात्राच्या शक्ती आणि मर्यादा मांडलेल्या कागदाची, तपासणी निकालाच्या वेळी नाही, प्रवेशाच्या वेळी व्हायला हवी. ‘अतिशय वेगवान’ या शब्दांना परीक्षणात काहीच किंमत नाही. ‘एका सेकंदात १० मीटर’ असं लिहिलं की पाच मीटरवरून आलेला वार चुकवायला किती वेळ मिळाला ते काढता येतं. शक्तींची संख्या मर्यादित, प्रत्येक शक्तीची पल्ला-वेळ-किंमत आकड्यांत, आणि किमान एक खरीखुरी कमजोरी असा साचा ज्या स्पर्धेत असतो, तिथे अर्धे वाद उद्भवतच नाहीत. शीट एकदा मंजूर झाली की कुलूपबंद. फेऱ्यांच्या मध्ये शक्ती वाढवू देणाऱ्या स्पर्धांत निकाल लावणं पुढच्या प्रत्येक फेरीत अवघड होत जातं.

पंच वेगळा, परीक्षक वेगळा

लढत चालू असताना हरकती ऐकतो तो पंच. लढत संपल्यावर कोण जिंकलं ते सांगतो तो परीक्षक. लहान स्पर्धांत ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे असतात आणि तिथेच गडबड होते. समजा दुसऱ्या पोस्टमध्ये ऑटोहिट झाला आणि कोणी काही बोललं नाही. पुढच्या चार पोस्ट त्या खोट्या जखमेवर उभ्या राहतात. शेवटी परीक्षक म्हणाला की दुसरी पोस्ट अवैध, तर उरलेल्या लढतीचं करायचं काय?

म्हणून नियम असा हवा: पोस्ट पडल्यापासून २४ तासांत हरकत, पुढच्या २४ तासांत पंचाचा निर्णय, तोवर पोस्टचं घड्याळ बंद. पहिल्या चुकीला पोस्टमधला तेवढाच भाग रद्द, दुसऱ्या चुकीला गुणवजावट, तिसरीला लढत गेली. २४ तासांनंतर हरकत नाही. ही शेवटची अट कठोर वाटते, पण ती नसेल तर लोक हरकती साठवून ठेवतात आणि हरल्यावर बाहेर काढतात.

ऑटोहिट ओळखणं सोपं. समोरच्याच्या पात्राला आपणच हलवणं, बोलायला लावणं, म्हणजे पॉवरप्ले, तेही वाक्यातच दिसतं. गॉडमॉड, म्हणजे काहीच न लागणारं, कशानेच न थांबणारं पात्र, हे शीटच्या आकड्यांवरून सिद्ध करता येतं. अवघड आहे ते मेटागेमिंग. लेखकाला माहीत असलेली गोष्ट पात्राला माहीत असल्यासारखी वापरली जाते. समोरचा अदृश्य होऊन मागे आला हे पोस्टमध्ये लिहिलेलं असतं, ते लेखक वाचतो आणि त्याचं पात्र बरोबर मागे वळतं. पंचाने इथे एकच प्रश्न विचारावा: पात्राला कशाने कळलं? पावलाचा आवाज, वास, धुळीतला ठसा, पाण्यातली लहर, यातलं काही त्या पोस्टमध्ये किंवा आधीच्या पोस्टमध्ये नोंदलेलं आहे का? असेल तर वैध. ‘माझं पात्र अनुभवी योद्धा आहे’ हे उत्तर नाही.

शेवटच्या पोस्टचा फायदा

या एका बाबीकडे इतकं दुर्लक्ष होतं की मला तिच्यावर थोडं जास्त लिहायचं आहे. प्रत्येकी तीन पोस्टची लढत घ्या. अ सुरुवात करतो, ब शेवट करतो. काहीच बंधन नसेल तर ब-च्या सहाव्या पोस्टमधल्या हल्ल्याला उत्तर द्यायला कोणी उरत नाही. परीक्षकाच्या डोळ्यांसमोर शेवटचं चित्र राहतं ते ब-चं, उगारलेल्या तलवारीचं. यावर बरेच आयोजक नियम करतात की शेवटच्या पोस्टमध्ये फक्त बचाव, नवा हल्ला नाही. पण मोजून बघा. आता अ-चे हल्ले पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या पोस्टमध्ये, म्हणजे तीन. ब-चे दुसऱ्या आणि चौथ्या पोस्टमध्ये, म्हणजे दोनच. फायदा ब-कडून काढून अ-ला दिला, एवढंच झालं.

तोल साधायचा तर दोन्ही टोकं बांधायला हवीत. अ-ची पहिली पोस्ट फक्त प्रवेशाची: जागा, अंतर, पवित्रा. हल्ला नाही. ब-ची शेवटची पोस्ट फक्त बचावाची. मग दोघांचे हल्ले दोन-दोन होतात आणि प्रत्येक हल्ल्याला उत्तर मिळतं. प्रत्येकी चार पोस्ट असतील तर तीन-तीन. सुरुवात कोणी करायची ते नाणेफेकीने, बॉटकडून (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमकडून), सर्वांसमोर. हा नियम असलेली स्पर्धा दिसली तर समजावं की आयोजकाने विचार केला आहे.

मुदतीचा हिशोबही तसाच मांडून बघावा. प्रत्येकी पाच पोस्ट आणि पोस्टला ७२ तास असतील, तर एक लढत ३० दिवस खेचली जाऊ शकते. १६ जणांच्या बाद फेरीला चार फेऱ्या, म्हणजे १२० दिवस, आणि यात परीक्षणाचा वेळ धरलेलाच नाही. एवढ्या काळात परीक्षा येतात, नोकऱ्या बदलतात, आणि अर्ध्या लढती ‘समोरच्याने पोस्ट टाकली नाही’ म्हणून सुटतात. प्रत्येकी तीन पोस्ट, ४८ तास, वर परीक्षणाला तीन दिवस, असं केलं तर एक फेरी १५ दिवसांत आणि स्पर्धा ६० दिवसांत बसते. पोस्टला ४०० शब्दांची मर्यादा ठेवली तर एक लढत २,४०० शब्दांची होते. पहिल्या फेरीच्या आठ लढतींत प्रत्येक परीक्षकाला १९,२०० शब्द वाचायचे असतात, तेही दोनदा. मर्यादा नसेल तर परीक्षक चाळून निकाल देतात. त्याचा दोष परीक्षकांना देण्यात अर्थ नाही, आखणीच तशी होती.

भारतातून अमेरिकी सर्व्हरवर (डिस्कॉर्डवरच्या गटात) खेळणाऱ्यांनी मुदतीचं घड्याळ नीट बघावं. तिथल्या पूर्व किनाऱ्याची मध्यरात्र म्हणजे हिवाळ्यात आपले सकाळचे १०:३० आणि उन्हाळी वेळेत ९:३०. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये हा तासाचा फरक पडतो आणि त्या आठवड्यात हमखास कोणीतरी बाद होतं. डिस्कॉर्डवर वेळेचा असा टॅग देता येतो की प्रत्येकाला ती आपापल्या स्थानिक वेळेत दिसते. आयोजक तो वापरत नसेल तर मागून घ्यावा.

जाहीर मतदान

झटपट, गर्दी जमवणारं, आणि निकालासाठी सर्वांत कमकुवत. ज्याचे मित्र जास्त तो जिंकतो हा आरोप सगळे करतात आणि तो खराही आहे, पण दुसरी दुबळी बाजू जास्त घातक आहे: मत देणाऱ्यांनी लढत वाचलेलीच नसते. डिस्कॉर्डच्या स्वतःच्या पोलमध्ये कोणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, आणि मत देण्याआधी आकडेही बघता येतात, त्यामुळे आघाडीवर असलेल्याकडे अजून मतं जातात. गूगल फॉर्मवर एका खात्याला एकच प्रतिसाद अशी अट घालता येते, पण एका माणसाची खाती किती हे फॉर्मला कळत नाही. मतदान ठेवायचंच असेल तर मतासोबत किमान दोन पोस्ट क्रमांक देऊन कारण लिहायची सक्ती करावी. कारण नसलेलं मत मोजू नये. एवढ्याने मतांचा आकडा घसरतो आणि उरतात ती वाचलेल्या माणसांची मतं.

रेडिटवर ‘जोजोज बिझार ॲडव्हेंचर’ या मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, चाहत्यांची स्वतःच्या पात्रांची स्पर्धा चालते. तिथे निकालाच्या तक्त्यात लोकप्रियता, गुणवत्ता, ‘जोजोलिटी’ (त्या मांगाच्या धाटणीला शोभणं) आणि वर्तणूक असे वेगवेगळे रकाने असतात. मतदान हा त्यातला फक्त एक भाग, आणि कोण कुठे जिंकलं, कुठे हरलं ते वेगळं दिसतं. मतदानाला जागा द्यायची तर अशी द्यावी. त्याला अख्खा निकाल वाहून नेता येत नाही.

फासे

वाद नको म्हणून काही सर्व्हर सरळ फासे टाकतात. अव्रे किंवा डाइस मेडनसारखा बॉट, दोघांनी वीस बाजूंचा फासा टाकायचा, मोठा आकडा जिंकला. चांगल्या पोस्टला परीक्षक +२ देतो, म्हणजे लेखनालाही मान मिळाला असं वाटतं. गणित बघा. दोघे समान असताना प्रत्येकाची जिंकायची शक्यता ४७.५ टक्के, बरोबरीची ५. एकाला +२ दिल्यावर तो ५७.२५ टक्के वेळा जिंकतो, ३८.२५ टक्के वेळा हरतो. म्हणजे उत्तम पोस्ट लिहूनही दहापैकी जवळजवळ चार वेळा हार. हीच बेरीज सहा बाजूंच्या तीन फाशांवर केली, तर आकडे मधोमध गोळा होतात आणि तेच +२ आता सुमारे ६४ टक्के विजय आणि २८ टक्के हार देतं. कौशल्याला वजन हवं असेल तर एका मोठ्या फाशापेक्षा तीन लहान फासे घ्यावेत.

फासे सर्वांसमोरच्या चॅनलवर, बॉटनेच टाकावेत. नको असलेला आकडा पुसून पुन्हा टाकणं सोपं असतं, म्हणून पुसलेल्या संदेशांचा लॉग ठेवणारा बॉट सोबत हवा. नवख्यांच्या गटाला, किंवा लढत ही कथेतली एक घटना असेल तिथे, फासे उत्तम. पण स्पर्धा म्हणून त्यांना मी खालचा दर्जा देईन.

गुप्त डावांचा तक्ता

एओएल या जुन्या अमेरिकी इंटरनेट सेवेच्या काळातल्या ‘रायडिन’ या कल्पित जगात तलवार, मुष्टी आणि जादू अशा तीन प्रकारच्या द्वंद्वांची पद्धत रुजली. ती फाशांहून हुशार आहे. दोघे लढवय्ये प्रत्येक फेरीचा डाव खासगी निरोपाने ‘कॉलर’ला कळवतात. कॉलर दोन्ही डाव एका छापील तक्त्यावर जुळवतो: या वारासमोर हा बचाव आला तर गुण कोणाला, कोणालाच नाही, की दोघांना. मग निकाल जाहीर करतो, आणि दोघे त्याला धरून वर्णन लिहितात. आधी पाच गुण करणारा विजयी. इथे परीक्षकाच्या आवडीनिवडीला जागाच नाही, समोरचा पुढे काय करेल हे ओळखणं हेच कौशल्य, आणि लेखन पूर्ण मोकळं, कारण त्यावर काही अवलंबून नाही. लढत एका बैठकीत संपते.

तोटा एवढाच की डाव तक्त्यात आहेत तेवढेच. जमिनीवर तेल ओतून आग लावायची कल्पना तक्त्याला समजत नाही. आणि कॉलरवर पूर्ण भरवसा लागतो, कारण दोघांचे डाव एकट्याला आधी कळतात. दोन्ही निरोपांचे स्क्रीनशॉट लढत संपल्यावर उघडे करण्याची अट घातली की ती शंकाही मिटते.

प्रोमो पद्धत

ई-फेडमध्ये, म्हणजे लेखी कुस्ती-फेडरेशनमध्ये, लढत खेळाडू लिहीतच नाहीत. दोघे आपल्या मल्लाच्या तोंडून प्रोमो लिहितात, ठरलेल्या संख्येत आणि ठरलेल्या मुदतीत. परीक्षक प्रोमो वाचून विजेता ठरवतात आणि मग फेडरेशनचा लेखक तो निकाल धरून सामना लिहितो. लेखनावर निकाल लावायचा असेल तर हीच प्रामाणिक वाट, कारण इथे कोणी लढतीचं सोंग आणत नाही. परीक्षकाने बघायचं: समोरच्या पात्राला नेमकं उत्तर दिलं का, मागच्या सामन्यांचा इतिहास धरला का, आवाज त्या पात्राचाच आहे का. दोन प्रोमोंची मर्यादा असेल तर पहिला लवकर टाकावा. दोघांनीही शेवटच्या तासाला टाकले तर कोणीच कोणाला उत्तर देत नाही आणि परीक्षकासमोर दोन सुटी भाषणं उरतात.

निकालपत्र कसं असावं

कुठलीही पद्धत असो, स्पर्धा जोखायची ती निकालपत्रावरून. ‘दोघेही छान खेळले, अटीतटीची लढत, पण अ थोडा सरस’ असं पत्र आलं तर त्या स्पर्धेत पुन्हा उतरू नये. बरं निकालपत्र साधारण २०० शब्दांचं असतं आणि ते असं बोलतं: चौथ्या पोस्टमधला ब-चा गुडघ्यावरचा वार अ-ने मान्य केला, पण पाचव्या पोस्टमध्ये त्याच पायावर उडी घेतली; त्यामुळे ती उडी आणि तिच्यावर आधारलेला हल्ला धरला नाही; सहाव्यात ब-ने त्या उडीचा गैरफायदा न घेता सरळ ढालीने अडवलं; मत ब-ला. हरलेल्याला कुठे बिघडलं ते कळतं, आणि परीक्षक चुकला असेल तर अपिलात नेमकं बोट ठेवता येतं. कुस्तीत निकाली कुस्ती आणि गुणांवरची कुस्ती वेगळी सांगतात, तसंच इथेही पत्रात लिहावं: पात्र लढण्याच्या स्थितीत उरलं नाही म्हणून विजय, की मुदत संपेपर्यंत सरस म्हणून, की समोरच्याने पोस्टच टाकली नाही म्हणून. तिन्ही विजय एकाच रकान्यात घालणाऱ्यांची क्रमवारी फसवी असते.

अपील एकदाच, ४८ तासांत, आणि फक्त नियमाच्या किंवा वस्तुस्थितीच्या चुकीवर. ‘मला पटलं नाही’ हे कारण नाही. अपील ऐकणारा मूळ मंडळाबाहेरचा असावा.

मराठीत अशी स्पर्धा भरवणाऱ्यांसाठी दोन-तीन बारीक पण उपयोगाच्या गोष्टी. डिस्कॉर्डवर साध्या खात्याला एका संदेशात २,००० अक्षरचिन्हं मिळतात, नायट्रो ही पैसे भरून घ्यायची वर्गणी असेल तर ४,०००. देवनागरीत काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जात असल्याने २,००० मध्ये तीनशेच्या आसपासच शब्द बसतात. म्हणून ४०० शब्दांची पोस्ट दोन संदेशांत जाणार हे गृहीत धरावं, आणि मुदत दुसऱ्या संदेशाच्या वेळेवर मोजायची हे लिहून ठेवावं. पोस्ट नंतर बदलली तर संदेशाच्या शेवटी बदलल्याची खूण दिसते, पण आधी काय होतं ते दिसत नाही. तेव्हा एक तर पाळी संपल्यावर बदल पूर्ण बंद, नाही तर लॉग ठेवणारा बॉट. टपरबॉक्स या बॉटने पात्राच्या नावाने पोस्ट टाकत असाल, तर कोणतं पात्र कोणाच्या खात्याचं याची यादी पहिल्या दिवशीच पिन करावी, कारण परीक्षकाला पोस्टवर दिसतं ते फक्त पात्राचं नाव.